जळगावचं जुन्या पुस्तकांचं दुकान: चार स्टार, त्यातला एक बड विल्किन्सनचा

नवीन बसस्टँडच्या बाजूला रसवंतीला लागून हे दुकान आहे, बोर्डावरचं नाव उन्हाने उडून गेलंय, रसवंती विचारा म्हणजे सापडेल. पुढे सगळे एमपीएससी आणि नीटचे गठ्ठे, ते बघून परत फिरू नका, खरा माल मागच्या रॅकवर आहे. तिथं क्रिकेटवाल्यांच्या खाली दबलेलं अमेरिकन फुटबॉलच्या एका कोचवरचं इंग्रजी पुस्तक हाती लागलं, बड विल्किन्सन. मालक म्हणे, "घेऊन जा ना भो, ते कोणी नेत नाही, साठ द्या." पन्नासला दिलं. बाइंडिंग सुटलेलं, पण पानं पूर्ण.

मी आमच्या अमळनेरकडच्या पोरांची कबड्डीची टीम बघतो, त्यामुळे माणूस जाम आवडला. नेव्हीत असताना डॉन फॉरोट ह्या कोचच्या हाताखाली स्प्लिट-टी नावाची अटॅकची पद्धत शिकला, 1947 ला वयाच्या 31 व्या वर्षी ओक्लाहोमा युनिव्हर्सिटीचा हेड कोच झाला आणि 17 सीझनमध्ये 145 मॅच जिंकल्या, 29 हरल्या, 4 बरोबरीत. स्प्लिट-टीत पुढची लाइन अंतर ठेवून पसरून उभी करायची, क्वार्टरबॅक, म्हणजे अटॅक चालवणारा खेळाडू, बॉल घेऊन लाइनच्या कडेने सरकत जातो आणि समोरचा डिफेंडर कोणावर झेपावतो ते बघून ऐनवेळी ठरवतो, बॉल आपण ठेवायचा की बाजूच्याला द्यायचा. म्हणजे निर्णय डिफेंडरच्या चुकीवर, आपला रेडर पण चढाईत तेच करतो ना, कोपरा कच्चा दिसला की तिकडे.

दुसरी गोष्ट तर मी लगेच उचलली. 1953 ला तिकडे नियम बदलला, अटॅक आणि डिफेन्सला वेगळी पोरं उतरवायची सोय गेली, तेच खेळाडू दोन्हीकडे. ह्या गड्याने काय केलं तर दोन पूर्ण टीम तयार केल्या आणि आळीपाळीने उतरवल्या, समोरचे दमले की ताजी पोरं आत. आमच्याकडे बेंचवरचा पोरगा पूर्ण टुर्नामेंट पाण्याच्या बाटल्या सांभाळतो, कॅप्टन मात्र पाय मुरगळला तरी बाहेर येत नाही.

त्याच 1953 च्या सीझनपासून सलग 47 मॅच जिंकल्या, मोठ्या कॉलेज फुटबॉलमध्ये तो रेकॉर्ड अजून कोणी मोडला नाही. 16 नोव्हेंबर 1957 ला घरच्या मैदानावर नोत्र दाम युनिव्हर्सिटीने 7-0 हरवलं, आणि गंमत म्हणजे आदल्या वर्षी ह्यांनी त्याच नोत्र दामला 40-0 धुतलं होतं! तो चॅप्टर बसमध्ये वाचत होतो, धरणगाव कधी गेलं कळलं नाही. 1956 ला प्रेंटिस गॉट ह्या कृष्णवर्णीय पोराला टीममध्ये घेतलं, ओक्लाहोमाच्या टीममध्ये तोपर्यंत असा एकही नव्हता, त्यावर मात्र लेखकाने घाईघाईत चार पानं लिहून विषय मिटवलाय, मला तिथंच जास्त वाचायचं होतं.

शेवटचा भाग रडका आहे. 1964 ला विल्किन्सन अमेरिकन संसदेच्या सिनेटच्या इलेक्शनला उभा राहिला आणि फ्रेड हॅरिसकडून पडला, 1978-79 ला सेंट लुईस कार्डिनल्स ह्या व्यावसायिक टीमचा कोच झाला तर तिथं 9 जिंकल्या 20 हरल्या. पोरं शिकवणं आणि पगारी खेळाडू सांभाळणं ह्यात फरक असेलच, पण काही लोकांनी वेळेत थांबायला पाहिजे असं माझं मत आहे, राजकारणात तर नक्कीच.

दुकानाचा एक स्टार धुळीसाठी कापला, मागच्या रॅकजवळ पंखा नाही आणि एप्रिलमध्ये तिथं उभं राहून पुस्तकं चाळणं म्हणजे शिक्षा. यूपीआय चालतं. वाचून परत आणलं तर निम्मे पैसे देतात, पण हे काही मी परत देत नाही. जूनमध्ये जाऊ नका, शाळेच्या पुस्तकांच्या गर्दीत मालकाला मागे यायला फुरसत नसते आणि मागचा लाइट पण बंद ठेवतात.