लांबचा पल्ला, स्वस्त तिकीट: काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगून टाकतो: सीट सहन होते, वेळापत्रक होत नाही.

काही महिन्यांपासून कामानिमित्त एका स्वस्त विमान कंपनीच्या आठ-दहा तासांच्या उड्डाणांनी ये-जा चालू आहे. दोन-तीन तासांच्या मार्गांवर मोठी झालेली ही कंपनी आता मोठी विमानं घेऊन खंड ओलांडायला निघाली आहे.

विमान बोइंग ७८७, इकॉनॉमीत ३-३-३, म्हणजे एका रांगेत तीन-तीनच्या गटांत नऊ सीट. महागड्या कंपन्यांच्या ७८७ मध्येही बहुतेक ठिकाणी हेच असतं, त्यामुळे रुंदीची तक्रार नाही. फरक गुडघ्यांना कळतो. बाकी विमानांत मात्र जपून. एअरबसच्या ए३३० मध्ये सहसा एका रांगेत आठ सीट असतात, मलेशियाच्या स्वस्त एअरएशिया एक्सने नऊ बसवल्या. एअरबसच्याच ए३५० मध्ये नऊ असतात, फ्रान्सच्या स्वस्त फ्रेंच बी कंपनीने दहा. तेव्हा तिकीट काढण्याआधी विमानाचं मॉडेल आणि सीट मॅप दोन्ही उघडून बघा. दिवसाच्या उड्डाणाला ही सीट चालून जाते. रात्री झोप लागेल ही आशा सोडा.

पैशांचं गणित सामानावर ठरतं. फक्त केबिन बॅग घेऊन गेलो तेव्हा प्रवास खरोखर स्वस्त पडला. मोठी बॅग, मनाची सीट आणि दोन वेळचं जेवण घेतलं की नेहमीच्या कंपनीच्या भाड्याशी जवळपास बरोबरी. यात लबाडी नाही, धंद्याचं स्वरूपच तसं आहे. छोट्या मार्गावर विमान अर्ध्या तासात परत उडवायचं आणि दिवसाला जास्त फेऱ्या मारायच्या, ही अमेरिकेतल्या साउथवेस्ट या स्वस्त विमान कंपनीने रुळवलेली युक्ती. लांब पल्ल्यावर सगळ्यांचीच विमानं दिवसातला बराच वेळ हवेत असतात, तिथे ती युक्ती काय कामाची? शिवाय खर्चात इंधनाचा वाटा मोठा, आणि इंधन स्वस्त कंपनीला काही वेगळ्या भावाने मिळत नाही. मग उरतं काय, तर जास्त सीट कोंबणं आणि पांघरुणापासून पाण्यापर्यंत सगळं सुटं विकणं.

आता वेळापत्रक. आठवड्यातून मोजकीच उड्डाणं. एकदा आदल्या संध्याकाळी उड्डाण रद्द झाल्याचा मेसेज आला. पर्याय दोनच: तीन दिवसांनंतरचं त्यांचंच विमान, नाहीतर रिफंड. रिफंड घेऊन ऐनवेळी दुसरीकडे तिकीट काढलं, आणि तोवरची सगळी बचत त्यात गेली. मोठी विमानं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असली की एक बिघडल्यावर बदली विमान आणायचं कुठून? पुढचं कनेक्शन वेगळ्या पीएनआरवर असेल तर ते चुकल्याचा भुर्दंडही तुमचाच. मधल्या विमानतळावर बॅग काढून पुन्हा चेक-इन करायची, म्हणजे कधी कधी त्या देशाचा व्हिसाही लागतो.

हक्कांचं एक जरूर माहीत असू द्या. युरोपीय संघातल्या विमानतळावरून निघणाऱ्या प्रत्येक उड्डाणाला तिथला २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम लागतो: उड्डाण रद्द झालं तर कंपनीने जेवण, गरज पडल्यास हॉटेल आणि पर्यायी प्रवास द्यायचा. कंपनी संघाबाहेरची असेल तर तिकडे जाताना मात्र हा नियम लागत नाही. एकाच तिकिटावर जाताना एक हक्क, येताना दुसरा.

या धंद्याचा इतिहासही धीर देणारा नाही. ब्रिटिश उद्योजक फ्रेडी लेकर यांची लंडन–न्यूयॉर्क स्वस्त विमानसेवा स्कायट्रेन १९७७ मध्ये सुरू झाली, १९८२ मध्ये बुडाली. आइसलंडची स्वस्त विमान कंपनी वॉव मार्च २०१९ मध्ये एका सकाळी थांबली आणि प्रवासी जिथल्या तिथे अडकले. नॉर्वेच्या नॉर्वेजियन कंपनीने २०१३ मध्ये सुरू केलेला लांबचा पल्ला २०२१ मध्ये कायमचा सोडला. सिंगापूरची स्वस्त कंपनी स्कूट टिकली, पण तिच्या पाठीशी सिंगापूर एअरलाइन्स आहे. इंडिगोने जुलै २०२५ मध्ये नॉर्वेच्या नॉर्स कंपनीची ७८७ भाड्याने घेऊन मुंबईहून मँचेस्टर आणि अ‍ॅमस्टरडॅम सुरू केलं, तेही तिकिटातच गरम जेवण आणि पुढे ऐसपैस सीट देऊन. मला तर वाटतं, लांब पल्ल्यावर टिकायचं तर स्वस्त कंपनीला थोडं महाग व्हावंच लागतं.

पुन्हा जाणार का? हो. पुढचं तिकीट काढलंय: दिवसाचं, फक्त केबिन बॅग, पुढे कनेक्शन नाही, आणि कामाच्या तारखेआधी तीन दिवस मोकळे ठेवून. लग्नाला किंवा परीक्षेला जायचं असतं तर हे तिकीट काढलं नसतं.