दुबई की टोरांटो : आपली माणसं कुठे कशी राहतात?

भाचा वेल्डर आहे. दुबईला जावं की कॅनडाला, यावर घरात खल चालू आहे. एजंटांची आश्वासनं बाजूला ठेवून दोन्हीकडच्या भारतीयांची स्थिती पाहू.

पैसा दुबईत जास्त उरतो. पगारावर आयकर नाही. एकटा कामगार कंपनीच्या कॅम्पमध्ये, खोलीत एकावर एक पलंग लावून राहतो आणि बाकीचं गावी पाठवतो. रत्नागिरीकडची कितीतरी घरं आखाताच्या पैशावर उभी राहिली. टोरांटोत कर आणि घरभाड्यातच पगाराचा मोठा भाग जातो.

पण मुक्कामाचं काय? दुबईत कामगाराचा व्हिसा नोकरीला बांधलेला. बायकोमुलांना न्यायचं तर किमान ४,००० दिरहम पगार हवा, किंवा ३,००० आणि राहायची जागा. आयुष्य तिथं घालवूनही नागरिकत्व जवळपास अशक्यच. मला हेच सर्वांत जास्त खुपतं. कॅनडात कायम निवास मिळाला की मुलांची सरकारी शाळा मोफत, आणि पाच वर्षांत १,०९५ दिवस राहिलं की नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. सुरुवातीला मात्र भारतातल्या अनुभवाला कित्येकदा किंमत मिळत नाही. शिकलेली माणसंही टॅक्सी चालवतात.

कर्ज फेडून, घर बांधून परतायचं असेल तर दुबई. कुटुंबासह कायमचं जायचं असेल तर कॅनडा, पण पहिली काही वर्षं ओढाताणीची धरूनच.