कुटुंबासोबत प्रवासाला निघताना पिस्तूल जवळ ठेवावं का? परवान्याचं हत्यार आणि बाकीचे उपाय, समोरासमोर

२०२५ च्या जूनअखेरीस, वारीच्या दिवसांत, पंढरपूरला निघालेलं एक कुटुंब पहाटेच्या अंधारात दौंड तालुक्यात स्वामी चिंचोलीजवळ चहाला थांबलं. दुचाकीवरून दोघे आले. कोयत्याचा धाक, डोळ्यांत मिरचीपूड, अंगावरचे दागिने गेले आणि सोबतच्या मुलीवर अत्याचार झाला. ती बातमी वाचून आठवडा होतो न होतो तोच माझ्या धाकट्या भावाचा वाघोलीहून फोन आला. "ताई, मी शस्त्र परवान्याचा अर्ज भरतोय. आईला, बायकोला आणि दोन पोरांना घेऊन मी वर्षातून चारदा त्याच रस्त्यानं जातो."

मी त्याला फोनवर लगेच 'नको' म्हटलं नाही. भीती खरी आहे, आणि रस्त्यावर आपल्या माणसांची जबाबदारी घेणाऱ्याला भीती वाटलीच पाहिजे. पण आमच्या घरात एक रिव्हॉल्व्हर वीस वर्षं होता. आमच्या वडिलांची, आप्पांची, इंदापूर तालुक्यात वीटभट्टी होती, शनिवारी मजुरांचा पगार रोखीनं न्यावा लागायचा, म्हणून त्यांना परवाना मिळाला होता. आप्पा तो सहलीलाही नेत. भावाला त्यातला धीर आठवतो. मला बाकीचंही आठवतं. म्हणून दोन्ही बाजू नीट मांडायच्या ठरवल्या. पुण्यातून कुटुंबासह गाडीनं फिरणाऱ्या आणि हाच विचार करणाऱ्या कुणालाही त्या उपयोगी पडाव्यात.

आधी परवान्याचं

पुणे शहरात अर्ज पोलीस आयुक्तालयात, पिंपरी-चिंचवडला त्यांच्या वेगळ्या आयुक्तालयात, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. वय २१ पूर्ण हवं. स्थानिक पोलीस ठाण्याची चौकशी, वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला आणि 'तुम्हाला याची गरज का' या प्रश्नाचं पटणारं उत्तर, एवढं लागतं. "फॅमिली घेऊन फिरतो, भीती वाटते" हे उत्तर पटतंच असं नाही. विशिष्ट धमकी, रोख रकमेची ने-आण, एकाकी शेतवस्ती अशी ठोस कारणं आधी पाहिली जातात. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना ५ वर्षांचा असतो आणि एका माणसाला जास्तीत जास्त २ हत्यारं ठेवता येतात.

सामान्य माणसाला ९ एमएम मिळत नाही, ते प्रतिबंधित बोअर आहे, म्हणजे नळीच्या त्या मापाची हत्यारं सामान्यांना बंद. मिळतो तो साधारणपणे .३२ चा रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल. कानपूरच्या सरकारी कारखान्यानं २०१४ मध्ये स्त्रियांना सोबत नेता येईल असा म्हणून 'निर्भीक' काढला तेव्हा त्याचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास आणि किंमत १ लाख २२ हजारांच्या घरात होती. म्हणजे खर्चाच्या बाजूनंही हा सहज घ्यायचा निर्णय नाही.

प्रवासाच्या दृष्टीनं महत्त्वाची ओळ परवान्यावरच लिहिलेली असते: तो कुठपर्यंत चालतो. जिल्हा, राज्य की त्यापलीकडे, हे क्षेत्र ठरवून दिलेलं असतं. पुण्याहून विजापूरला किंवा गोव्याला निघालात आणि परवाना महाराष्ट्रापुरता असेल, तर हद्द ओलांडताच तुम्ही विनापरवाना हत्यार बाळगणारे झालात. निवडणूक जाहीर झाली की अनेकांना हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात, तेव्हा ते निवडणूक संपेपर्यंत सोबत नसतंच. विमानात ते केबिनमध्ये नेता येत नाही.

गावठी कट्ट्याबद्दल एकच वाक्य पुरे. विनापरवाना हत्यार नुसतं जवळ सापडलं तरी २ ते ५ वर्षांची शिक्षा आहे, मग त्यातून गोळी सुटलेली असो वा नसो.

गाडीत बसल्यावर

इथं मी सगळ्यात जास्त थांबणार आहे, कारण ठरवणारा माणूस नेमकं हेच डोळ्यांसमोर आणत नाही.

हँडगन सार्वजनिक ठिकाणी अंगावर होल्स्टरमध्येच, म्हणजे तिच्या म्यानातच हवी, आणि धाक दाखवायला ती बाहेर काढून नाचवणं नियमात बसत नाही. आता तुम्ही गाडी चालवताय. पोटावरून सीटबेल्ट गेलाय, होल्स्टर त्याच्याखाली. मागच्या सीटवर आई आणि मुलं. अमेरिकेत डेनिस ट्युलर नावाच्या पोलीस अधिकाऱ्यानं १९८३ मध्ये एक हिशोब मांडला होता, तो आजही पोलीस प्रशिक्षणात सांगितला जातो: हातात धारदार हत्यार असलेला माणूस २१ फुटांचं अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. तेवढ्यात उभ्या असलेल्या, सराव असलेल्या पोलिसालाही पिस्तूल काढून नेम धरणं जेमतेम जमतं. स्वामी चिंचोलीला तर मिरचीपूडही आली. डोळे मिटलेल्या माणसाच्या कमरेचं पिस्तूल मग कुणाच्या हाताला लागेल, याचा विचार करा.

बंद गाडीत गोळी झाडली तर आवाज १४० डेसिबलच्या वर जातो. कानाला कायमची इजा व्हायला तेवढा पुरतो, आणि शेजारी सहा वर्षांचं पोर असतं. चुकलेली गोळी काचेतून, पत्र्यातून कुठं जाईल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. नेम शिकायचा तर बालेवाडीच्या शूटिंग रेंजवर महिनोन्महिने जावं लागेल, आणि तिथंही शिकाल ते स्थिर लक्ष्यावर, शांत श्वासानं. अंधारात, घाबरलेल्या आईच्या खांद्यावरून पाहत नेम धरणं हे वेगळंच काम आहे.

आणि गाडीतून उतरल्यावर? मी नववीत असताना आम्ही तुळजापूरला गेलो होतो. हत्यार घेऊन देवळात जाता येत नाही, आणि गाडीत ते सोडून जायचं नाही, असा आप्पांचा नियम. तो बरोबरच होता, कारण गाडीची काच फोडणाऱ्याच्या हाती काडतुसांसह रिव्हॉल्व्हर लागणं याहून वाईट काही नाही. म्हणून आप्पा महाद्वाराबाहेर एका कट्ट्यावर बसून राहिले. आई आम्हा दोघांना घेऊन गर्दीत गेली. कल्लोळ तीर्थाजवळ भाऊ तिच्या हातातून सुटला. तो सापडेपर्यंतचा पाऊण तास आई एकटी धावत होती, मी रडत तिच्या मागे, आणि घरातला सगळ्यात खंबीर माणूस बाहेर हत्याराची राखण करत बसला होता. त्यांना काहीच कळलं नव्हतं. भाऊ तेव्हा पाच वर्षांचा होता, त्याला यातलं काही आठवत नाही.

रात्री लॉजवरही तेच. आम्हा मुलांच्या हाती लागू नये म्हणून रिव्हॉल्व्हर एकीकडे, सहा गोळ्या दुसरीकडे, आणि आप्पा अर्धवट जागे. रात्रभर जागलेला माणूस सकाळी साडेतीनशे किलोमीटर गाडी चालवणार. प्रवासातला खरा धोका इथं आहे. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्याच वर्षी खुनांची नोंद होती २८,५२२.

त्या खुनांच्या कारणांत लूटमार सगळ्यात वर नाही. वर आहेत वाद आणि भांडणं. याचा अर्थ मला खंबाटकी घाटात समजला. बोगदा व्हायच्या आधीचे दिवस, लांबलचक कोंडी, एका ट्रकनं आमच्या जीपला घासून आरसा मोडला आणि वर ड्रायव्हरनं शिवी दिली. आप्पा उतरले. त्यांचा हात कमरेकडे गेला. आईनं मागून येऊन त्यांचा हात धरला आणि सोडला नाही, बोलली काहीच नाही. आप्पा शांत स्वभावाचे होते, आयुष्यात कुणावर हात उचललेला मी पाहिला नाही. पण कमरेला वजन असलं की हात तिकडं जातो, हे मी पाहिलंय. नगर रोडच्या आजच्या कोंडीत माझा भाऊ किती शांत राहतो हे मला माहीत आहे, आणि त्यालाही.

कायदा किती साथ देतो

स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, आणि तो बळकट आहे. जिवाची किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती, बलात्कार, अपहरण, अॅसिडहल्ला अशा प्रसंगी समोरच्याचा जीव गेला तरी तो गुन्हा ठरत नाही. पण प्रतिकार गरजेपुरताच हवा, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क उरत नाही. मंगळसूत्र ओढून पळालेल्या दुचाकीच्या पाठीवर झाडलेली गोळी या चौकटीत बसवणं फार अवघड आहे. धोका संपला तिथं हक्कही संपतो. प्रसंग खरोखरचा असला तरी गुन्हा नोंदणं, हत्यार जप्त होणं, तपास, कोर्ट हे सगळं पार करूनच तुम्ही निर्दोष ठरता.

समोरच्या पारड्यात काय आहे

पेपर स्प्रे काही शे रुपयांना मिळतो, परवाना लागत नाही, आणि चूक झाली तरी माणूस मरत नाही. माझ्या पर्समध्ये तो असतो. त्याच्या मर्यादा मात्र जाणून घ्या. वारा उलटा असेल तर तो आपल्याच तोंडावर येतो, बंद गाडीत फवारला तर आधी आपलीच मुलं गुदमरतील, डबीवरची मुदत संपली की ती बदलावी लागते. विमानाच्या केबिनमध्ये तोही चालत नाही. भांडणात वापरायची ही वस्तू नव्हे. २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं एका प्रकरणात पेपर स्प्रेला धोकादायक हत्यार मानून गुन्हा रद्द करायला नकार दिला होता.

सीटखाली हॉकी स्टिक किंवा दांडकं ठेवणारे बरेच आहेत. कोयत्यासमोर ते कमी पडतं आणि कोंडीतल्या भांडणात फार लवकर हातात येतं. मी ठेवत नाही. खेळण्यातलं किंवा छऱ्याचं पिस्तूल दाखवून धाक घालायचा विचार तर डोक्यातूनच काढा. समोरच्याकडे खरं असेल तर तो वाट बघणार नाही.

डॅशकॅम, म्हणजे गाडीत पुढे लावायचा कॅमेरा, हल्ला थांबवत नाही, पण "आमच्या गाडीला धडक दिलीस, पैसे काढ" म्हणणाऱ्यांना तो दिसला की बोलणं मवाळ होतं. चार-पाच हजारांत बरा मिळतो. रिव्हॉल्व्हरच्या किमतीत पंचवीसेक येतील.

११२ वर फोन करताना सगळ्यात मोठी अडचण 'तुम्ही कुठं आहात' ही असते. मुलांना रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा वाचायची सवय लावा, आमच्याकडे तो खेळच झालाय. राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली तर १०३३. फोनमधलं आणीबाणीचं बटण घरच्या प्रत्येकानं एकदा चालवून पाहिलेलं असावं, आईनंसुद्धा.

पण या सगळ्याहून जास्त वजन मी वेळेला देते. पुण्याहून पंढरपूर साधारण २१० किलोमीटर. गर्दी टाळायला आपण रात्री एक-दोनला निघतो, आणि पहाटे तीन ते पाच या वेळात, जेव्हा चालवणाऱ्याचे डोळे मिटतात आणि रस्ता ओस असतो, तेव्हाच चहासाठी थांबावं लागतं. पहाटे साडेपाचला निघा. पहिला थांबा पाटसचा टोलनाका ओलांडून, उजाडल्यावर. अंधारात थांबावंच लागलं तर टोलनाक्यावर किंवा दिवे, कॅमेरे आणि माणसं असलेल्या मोठ्या पेट्रोल पंपावर, आणि कुणी एकट्यानं उतरायचं नाही. दारं आतून लॉक. कुणी शेजारून "ऑइल गळतंय", "टायर बसलाय" म्हणून हात केला किंवा काचेवर काही आपटलं, तरी गाडी रखडत का होईना, पुढच्या उजेडापर्यंत न्यायची. रिम खराब झाली तर होऊ दे. खरे दागिने घरी.

यातलं काहीही स्वामी चिंचोलीच्या त्या कुटुंबाच्या चुका मोजण्यासाठी लिहिलेलं नाही. हायवेवर पहाटे चहा पिणं हा गुन्हा नाही, आणि रात्रीची गस्त वाढवा ही मागणी आपण सगळ्यांनी लावून धरली पाहिजे. प्रश्न एवढाच की उद्या सकाळी निघताना माझ्या हातात काय आहे.

मग कुणी घ्यावं?

ज्याला नाव-गाव असलेली धमकी आहे, ज्याला रोकड न्यावीच लागते, जो वस्तीपासून तीन किलोमीटरवर शेतात राहतो, त्यानं अर्ज जरूर करावा. जुन्नरकडचे लोक बिबट्यासाठी विचारतात, पण बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. तिथं गोळी चालवलीत तर वेगळंच प्रकरण सुरू होईल. परवाना मिळाला तरी सहलीला जाताना हत्यार सोबत नेऊ नका, रिकाम्या घरातही ठेवू नका. परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे सुरक्षित ठेवीची सोय असते. तिथं देऊन पावती घ्या.

कौटुंबिक प्रवासापुरतं विचाराल तर माझं मत पिस्तुलाच्या विरोधात आहे. भावाला तेच सांगितलं, तुळजापूरची गोष्टही पहिल्यांदाच सांगितली. २००९ मध्ये आप्पा गेल्यावर रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यात जमा करायला मीच गेले होते, आणि वारसाहक्कानं तो आपल्या नावावर करून घेण्याचा विषय आईनं निघूच दिला नव्हता, तेही सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग त्यानं विचारलं, "आप्पा तेव्हा कुठल्या कट्ट्यावर बसले होते?"

अर्ज अजून त्याच्या टेबलाच्या खणात आहे, त्यानं तो फाडलेला नाही आणि मी फाड म्हणणारही नाही. कार्तिकीला मात्र आम्ही दोन गाड्यांनी एकत्र गेलो, साडेपाचला वाघोलीहून. पहिला चहा भिगवणला घेतला तेव्हा चांगलं ऊन पडलं होतं.