पॉलिटिफॅक्ट : दावे तपासणारी उपयुक्त, पण अपुरी सेवा
उदारमतवादी वाचक म्हणून अमेरिकेतील पुराणमतवादी राजकारणाची भाषा पारखताना मला सर्वांत जास्त आधार वाटतो तो २००७ साली सुरू झालेल्या ‘पॉलिटिफॅक्ट’ या तथ्यतपासणी सेवेचा. २००९ साली ओबामा सरकारच्या आरोग्य सुधारणांमुळे ‘डेथ पॅनेल’, म्हणजे कोणाला उपचार द्यायचे हे ठरवणारी सरकारी मंडळे येतील, असा दावा रिपब्लिकन नेत्या सारा पेलिन यांनी केला, तेव्हा विधेयकात नेमके काय आहे ते या सेवेने वाचकांपुढे ठेवले : आयुष्याच्या अखेरच्या उपचारांविषयी रुग्णाने स्वेच्छेने डॉक्टरांचा सल्ला घेतला, तर त्याचे शुल्क मेडिकेअरने (प्रामुख्याने वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याने) द्यावे, एवढीच ती तरतूद होती. वृद्धांच्या मनात भीती घालणारा हा दावा पॉलिटिफॅक्टच्या निवडीत त्या वर्षीचे सर्वांत मोठे असत्य ठरला, ते योग्यच झाले. २०१३ साली हाच शिक्का डेमोक्रॅट बराक ओबामा यांच्या ‘आवडती विमा योजना कायम ठेवता येईल’ या आश्वासनावर बसला आणि माझा विश्वास वाढला.

उणीव एकच, पण मोठी आहे. येथे विधाने तपासली जातात, शब्द नाहीत. अतिश्रीमंतांच्या मोजक्या वारशांवर लागणाऱ्या एस्टेट टॅक्सला रिपब्लिकन नेते ‘मृत्यू कर’ म्हणतात, तेव्हा खोटे असे एकही वाक्य उच्चारले जात नाही, तरीही सामान्य शेतकऱ्याला तो कर आपल्याच दारात उभा दिसतो. अशा शब्दांसाठी स्वतंत्र सदर हवे.