कापसाच्या खोलीतले संवाद : घरगुती गेमसाठी ऑडॅसिटी

आमच्या घरगुती गेमचा नायक रात्री शेतात जागल करणारा मुलगा आहे. रानडुकरे आणि रोही (नीलगायी) यांच्यापासून त्याला कपाशी आणि तूर राखायची असते आणि वाटेत भेटणारी माणसे त्याच्याशी बोलतात. भाच्याने हा गेम गोडो या गेम बनवण्याच्या मोफत इंजिनात बांधला आणि संवादांची जबाबदारी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहणाऱ्या मामाकडे, म्हणजे माझ्याकडे, सोपवली. सहा पात्रांची २१० वाक्ये मी ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरवर ध्वनिमुद्रित केली. त्या अनुभवावरून हे परीक्षण लिहीत आहे.

आरंभी मी सोपा मार्ग धरला होता. मजकूर दिला की बोलून दाखवणाऱ्या एका ऑनलाइन सेवेचे महिन्याचे पैसे भरले आणि पहिली वीस वाक्ये तिच्याकडून वदवून घेतली. प्रमाण मराठी तिने स्वच्छ वाचली. परंतु ‘मले काऊन इचारता?’ हे वाक्य तिने बातम्या वाचल्यासारखे उच्चारले. शब्द सगळे बरोबर होते, पण वऱ्हाडीत प्रश्नाच्या शेवटी आवाजाला जो हेल येतो तो कुठेच नव्हता. भाचा हसला आणि आम्ही जिवंत माणसांकडे वळलो.

ऑडॅसिटीचे काम १९९९ साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरू झाले आणि २००० पासून ते सर्वांना विनामूल्य मिळते. एकदा उतरवून घेतले की मुद्रणासाठी इंटरनेट लागत नाही, ही गोष्ट आमच्याकडे मोठीच म्हणावी लागेल. एक आवाज एकाच वाहिनीवर, म्हणजे मोनोमध्ये, आणि सेकंदाला ४४,१०० नमुने (म्हणजे आवाजाची तितकी मोजमापे) या वेगाने घेतला की बोलण्यासाठी पुरेसा होतो. मुद्रणाच्या वेळी पातळीची पट्टी उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहिली पाहिजे. जागल्याची आरोळी मुद्रित करताना मी हे विसरलो, पट्टी शून्याच्या कमाल मर्यादेला टेकली आणि ध्वनिलहरींचे माथे कापले गेले. असा फाटलेला आवाज नंतर नीट दुरुस्त होत नाही.

गेमसाठी या सॉफ्टवेअरचे खरे मोल मला त्याच्या इफेक्टांमध्ये नव्हे, तर लेबलांमध्ये दिसले. मुद्रण चालू असतानाच कंट्रोल आणि एम ही बटणे दाबली की त्या क्षणावर खूण पडते आणि तिला नाव देता येते. एका पात्राला आवाज देणारी आमची मोठी माय अर्धा तास सलग बोलत राहिली, अधूनमधून सुनेला हाका मारत राहिली आणि मी फक्त खुणा करीत गेलो. शेवटी लेबलांप्रमाणे निर्यात करण्याचा पर्याय निवडला, तेव्हा प्रत्येक वाक्याची स्वतंत्र फाइल, लेबलाचेच नाव घेऊन, तयार झाली. गेममधल्या संवादाचा क्रमांक आणि फाइलचे नाव एकच ठेवले, तर कोणते वाक्य कुठे वाजवायचे हे इंजिनाला वेगळे सांगावे लागत नाही. मात्र मधला भाग कापण्यापूर्वी सिंक-लॉक हा पर्याय सुरू करावा. नाहीतर आवाज पुढे सरकतो आणि लेबले जागच्या जागी राहतात. मी तो सुरू केला नव्हता, त्यामुळे एक संध्याकाळ नावे जुळवण्यातच गेली.

खोलीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण चांगल्या मायक्रोफोनपेक्षा तिचा परिणाम अधिक होतो. आमचे घर टिनाचे असल्यामुळे आवाज घुमतो. डिसेंबरात मात्र आतल्या खोलीत चांगल्या दराची वाट पाहत कापूस छतापर्यंत भरलेला होता आणि तिथे टाळी वाजवली तरी प्रतिध्वनी येत नव्हता. कापसाच्या तंतूंमध्ये ध्वनी जिरतो, म्हणून असे घडते. अंगाला खाज सुटते ही एक अडचण आहेच. आवाज द्यायला बसलेल्या आबाजींनी तर पंधरा मिनिटांतच बाहेरची वाट धरली.

गोंगाट काढण्याची सोय, अर्थात नॉइज रिडक्शन, अतिशय जपून वापरावी. आधी पाच सेकंदांची शांतता निवडून तिचा नमुना द्यायचा आणि मग संपूर्ण मुद्रणावर प्रक्रिया करायची, अशी तिची रीत आहे. हा नमुना मिळावा म्हणून प्रत्येक मुद्रणाच्या सुरुवातीला सर्वांनी गप्प बसणे आवश्यक असते. तथापि स, श हे वर्ण आणि ख, थ, ध यांतला श्वासाचा भाग गोंगाटाशी इतका मिळताजुळता असतो, की प्रक्रिया जास्त झाली तर तोही पुसट होतो आणि माणूस डब्यातून बोलल्यासारखा ऐकू येतो. मी ६ डेसिबलवर थांबलो. प, फ, भ यांचा फुत्कार मायक्रोफोन तोंडासमोर न धरता वीतभर अंतरावर, किंचित बाजूला ठेवल्याने टळला.

कागद हातात दिला की आमची माणसे शाळेतला धडा वाचू लागतात, हे कोणतेही सॉफ्टवेअर सुधारू शकत नाही. ‘तू एवढ्या रात्री कुठे निघालास?’ हे माझे वाक्य मोठ्या मायने तीन वेळा वाचले आणि तिन्ही वेळा ते निर्जीव वाटले. मग मी कागद काढून घेतला आणि पोरगा अंधारात निघाला आहे एवढेच सांगितले. ती म्हणाली, ‘कोठी चालला रे बाप्पा एवढ्या राती? दमानं जाजो.’ तेच गेममध्ये गेले आणि पडद्यावरची अक्षरे आम्ही नंतर तिच्या बोलण्यावरून लिहिली.

सगळे संवाद मिळून सुमारे चौदा मिनिटांचे झाले. वेव्ह स्वरूपात त्यांना जवळपास ७५ एमबी जागा लागत होती. ऑग व्हॉर्बिस या फाइल लहान करणाऱ्या स्वरूपात नेल्यावर ती सात-आठ एमबीवर आली आणि गोडोने त्या फाइली विनातक्रार स्वीकारल्या.

फेब्रुवारीत कापूस विकला गेला, तेव्हा अठरा वाक्ये शिल्लक होती. रिकाम्या खोलीत गोधड्या टांगून ती उरकली, पण जागल्या मध्येच एखाद्या मंदिराच्या सभामंडपात जाऊन बोलतो आहे असे ऐकणाऱ्याला वाटते. आवाजातले जाड-बारीक स्वर कमी-जास्त करणाऱ्या इक्वलायझरने मी बरेच प्रयत्न केले. मुद्रणात मिसळलेला घुमारा त्याने निघाला नाही. ती अठरा वाक्ये पुढच्या वेचणीनंतर पुन्हा घेणार आहोत आणि तोवर भाच्याने ती गेममधून काढून ठेवली आहेत.