भातकापणीचा आठवडा : पत्रक बघावं की ॲप?

नवरात्र उठेपर्यंत हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं, भात कापायला आलेलं असतं आणि पाऊस मात्र निघायचं नाव घेत नसतो. हवामान खात्याने २०२० साली तारखा सुधारल्या. तेव्हापासून मुंबईतून मान्सून परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर धरतात, पूर्वी ती २९ सप्टेंबर होती. आमच्या रत्नागिरीच्या बाजूला त्याहून थोडं पुढेच. आता कापलेलं भात दोन-तीन उन्हं खाल्ल्याशिवाय बांधता येत नाही. ते भिजून तसंच पडलं की लोंब्यांवरच दाण्यांना कोंब फुटतात, पेंढा काळा पडतो आणि गुरंही त्याला तोंड लावत नाहीत. त्यामुळे या दिवसांत घरोघरी कुणी ना कुणी मोबाईल घेऊन ओटीवर बसलेलं दिसतं.

बघायला दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे हवामान खात्याचा जिल्हानिहाय अंदाज आणि त्याच्या आधाराने दापोलीच्या कृषी विद्यापीठातून मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारं कृषी सल्ल्याचं पत्रक. दुसरी, नकाशावर वाऱ्याच्या रेघा पळवणारी परदेशी ॲप्स. माझ्या फोनमध्ये दोन्ही आहेत आणि दोन्ही उघडतो. पण उद्या गडी सांगायचे की नाही हे ठरवताना मी एकाच्याच शब्दावर जातो.

आधी ॲपबद्दल चांगलं बोलतो, कारण तेवढं त्याने कमावलंय. अरबी समुद्रात काही शिजत असेल तर ते इतकं स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही. २०१९च्या दिवाळीत ‘क्यार’ वादळ आपल्या किनाऱ्यासमोर उभं राहिलं, किनाऱ्याला न लागता पश्चिमेला ओमानच्या बाजूला सरकलं, तरी जाता जाता कोकणातली कापलेली आणि उभी भातं पाण्यात घालून गेलं. २००९ साली ‘फयान’ तर ११ नोव्हेंबरला अलिबाग आणि मुंबईच्या मधोमध किनाऱ्यावर आलं. म्हणजे दिवाळी झाली की सुटलो, असंही नाही. असा भोवरा तयार होतोय का, कुठे तोंड करून आहे, हे ॲपमध्ये चार-पाच दिवस आधी बघता येतं. या ॲप्समध्ये हवामानाचं गणित मांडणारी संगणकी मॉडेल्स निवडता येतात. युरोपीय हवामान केंद्राचं मॉडेल आणि अमेरिकेचं जीएफएस आलटून पालटून लावायचं. दोघांनी भोवरा एकाच जागी दाखवला तर गंभीरपणे घ्यायचं, एक गोव्यासमोर आणि दुसरं लक्षद्वीपजवळ दाखवत असेल तर अजून थांबायचं. वाऱ्यासाठीही ॲप उत्तम. तापमानाचं म्हणाल तर ऑक्टोबरात घाम निघणार हे सांगायला दोघांचीही गरज नाही.

अडतं ते साध्या, वादळाविना येणाऱ्या पावसापाशी. आणि आपल्याकडे ऑक्टोबरात भात भिजवतो तो बहुतेक वेळा हाच. दुपारपर्यंत कडक ऊन पडतं, समुद्रावरचा दमट वारा आत शिरतो, सह्याद्रीच्या उतारावर चढतो, तीनच्या सुमारास घाटमाथ्यावर ढग फुलायला लागतात. वरच्या थरात वारा पूर्वेचा असला की ते संध्याकाळी गडगडत खाली येतात. एका वाडीत धो धो, नदीपलीकडच्या वाडीत अंगणसुद्धा ओलं नाही. युरोपीय मॉडेल नकाशाचे साधारण ९ किलोमीटरच्या चौकटींत तुकडे पाडून चालतं, आपल्या खात्याचं २०२५ साली आलेलं मॉडेल, भारत फोरकास्ट सिस्टीम, ६ किलोमीटरच्या. दोन्ही आकडे अभिमानाचे आहेत, पण माझं शेत त्या चौकटीच्या कुठल्या कोपऱ्यात येतं हे ढगाला कुणी सांगायचं?

ॲपला ही शंका येतच नाही. ते तुमच्या गावावर टाचणी लावतं आणि म्हणतं, संध्याकाळी पाच वाजता ०.८ मिलिमीटर. दशांश चिन्हासकट! रात्री नऊला बघावं तर तोच पाऊस सातवर गेलेला आणि ३ मिलिमीटर झालेला. पहाटे उठून बघावं तर गायब, त्याच्या जागी सूर्य. यात लबाडी काही नाही. ही मॉडेल्स दिवसातून चार वेळा नव्याने गणित मांडतात आणि असा गडगडाटी ढग प्रत्येक गणितात वेगळ्या डोंगरावर उगवतो. पण कापणीला माणसं आदल्या संध्याकाळी सांगावी लागतात. एकदा हो म्हटलं की सकाळी सहाला त्यांच्या दारात जाऊन ‘आज राहू दे, मोबाईल बदलला’ असं सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी ती माणसं दुसऱ्याच्या मळ्यात असतात. त्यात मुंबईहून पुतण्या दर चार तासांनी स्क्रीनशॉट पाठवणार, ‘काका, उद्या नका कापू’, आणि जेवणं होईतो, ‘काका, कापा’. सगळ्या वैतागातला मोठा वैताग हाच. माझा कौल फिरला तो याच्यामुळे. चूक-बरोबरचा हिशोब मी मांडून बसलो नाही, तसा मांडला तर ॲप कदाचित फार मागे पडणारही नाही.

पत्रकाची भाषा याच्या उलट, कोरडी आणि सावध. ‘तुरळक ठिकाणी’ हे शब्द वाचून लोक हसतात. पण त्याला मोजका अर्थ आहे : त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी २५ टक्के किंवा त्याहून कमी ठिकाणी. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के. हे एकदा डोक्यात बसलं की वाक्य बोलकं होतं. सलग तीन दिवस तुरळक असेल तर मी कापतो, पण बेताचं कापतो, संध्याकाळी गोळा करून ताडपत्रीखाली घेता येईल एवढंच. ‘काही ठिकाणी’ आणि सोबत यलो, म्हणजे खात्याचा पिवळ्या रंगाचा इशारा, असेल तर विळे घरात. ऑक्टोबरातला यलो बहुधा विजांचा आणि ताशी ३० ते ४० किलोमीटरच्या वाऱ्याचा असतो. त्यात उभं भात आडवं होण्याची भीती असते, पण आडवं झालेलं भात निदान कापता येतं.

एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. खात्याचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. १२ तारखेचा इशारा म्हणजे १३ तारखेच्या सकाळपर्यंतचा. भात रात्री शेतात पसरून ठेवणाऱ्याने हे पाहिलंच पाहिजे.

शिवाय पत्रकात सल्ला असतो. कापणी पुढे ढकला, कापलेलं आडोशाला न्या, झोडणी उरकून घ्या, अशा शब्दांत. शेती शिकलेल्या माणसाने अंदाज वाचून लिहिलेलं वाक्य आणि ढगाखाली तीन थेंबांचं चित्र, यात माझ्यासारख्याला पहिलं बरं वाटतं. वयाचाही भाग असेल.

उणिवा आहेत. इशारा जिल्ह्याचा, आणि आमचा जिल्हा मंडणगडापासून राजापूरपर्यंत, समुद्रापासून घाटाच्या पायथ्यापर्यंत. चिपळूणच्या वरच्या अंगाला आणि गुहागरच्या किनाऱ्याला एकच रंग लागतो. शुक्रवारचं पत्रक सोमवारी शिळं वाटतं, तेव्हा खात्याचा रोजचा इशारा बघावा लागतो. ऐन दुपारी ढग चढलेच तर पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाज आणि विजेची सूचना देणारं सरकारी ‘दामिनी’ ॲप हेच उपयोगी, तिथे पत्रकाचा काही संबंध नाही.

तुम्ही मुंबईहून चार दिवसांची रजा काढून कापणीला येणार असाल तर आधी खात्याचा गुरुवारी निघणारा चार आठवड्यांचा अंदाज बघा. तो अख्ख्या कोकण-गोवा विभागाचा असतो, पण रजा कुठल्या आठवड्यात टाकायची एवढं त्यातून कळतं. आल्यावर पत्रक, आणि समुद्रात काही घोंगावतंय का हे बघायला दिवसातून एकदा ॲप. एकदाच. होडीवाल्यांचं गणित वेगळं, त्यांना वारा तासातासाला लागतो, तिथे मी बोलणार नाही.

उशिरा तयार होणाऱ्या गरव्या भाताला अजून अवकाश आहे. तोवर वारा फिरून कोरडा झाला की सकाळी गवतावर दव दिसायला लागतं, पत्रक आणि ॲप दोन्ही एकच सांगतात. मग खुशाल कुठलंही बघा.