जायंट फॉरेस्टला जाताय? शर्मनचा फोटो काढून लगेच परत फिरू नका

कॅलिफोर्नियातल्या सिकोया नॅशनल पार्कला (जायंट फॉरेस्ट हे त्यातलंच, सिकोया नावाच्या महाकाय झाडांचं जंगल) आम्ही दोनदा गेलो आणि दोन्ही वेळचा अनुभव इतका वेगळा होता की म्हटलं हे लिहायलाच हवं. पहिल्या वेळी एका टूर कंपनीच्या व्हॅनने गेलो होतो (नाव लिहीत नाही), त्यांनी जनरल शर्मन या, आकारमानाने जगातल्या सर्वांत मोठ्या झाडापाशी पाऊण तास दिला, त्यातला बराचसा वेळ फोटोच्या रांगेत गेला, आणि मी गाईडला विचारलं की दुष्काळाचा या झाडांवर काय परिणाम झालाय, तर म्हणाला दोन हजार वर्षं उभी आहेत, यांना काही होत नाही. ते ऐकून मला फार वाईट वाटलं होतं, कारण तेव्हाच वरती फांद्यांमध्ये तपकिरी झुपके दिसत होते आणि त्याबद्दल कुणीच बोलत नव्हतं.

या उन्हाळ्यात आईला घेऊन स्वतःच्या गाडीने गेलो आणि पूर्ण दिवस फक्त जायंट फॉरेस्टमध्ये काढला. म्यूझियम, बिग ट्रीज ट्रेल, रेंजरबरोबरचा वॉक आणि शटल, हा रिव्ह्यू त्याचा आहे. पाच पैकी पाच, अगदी मनापासून.

सुरुवात म्यूझियमपासूनच करा. छोटं आहे, अर्ध्या-पाऊण तासात होतं. इमारत 1928 ची, आधी तिथे दुकान होतं. या जंगलात एकेकाळी हॉटेलं, केबिन वगैरे मिळून 280 हून जास्त बांधकामं होती, थेट झाडांच्या मुळांवर, आणि ती सगळी नंतर काढून टाकली, 1990 च्या दशकाच्या शेवटी-शेवटी. का काढली हे मुळं कशी असतात ते कळल्यावर पटतं. शर्मनसारखं एवढं 275 फूट उंच झाड, आपल्याला वाटतं मुळं पाताळात गेली असतील, पण मोठ्या झाडाला सोटमूळ असं राहतच नाही, मुळं जेमतेम 12-14 फूट खोल आणि आडवी मात्र शंभर फुटांच्या पुढे पसरलेली. म्हणजे हे झाड पाणी पितं ते वरच्या थरातलं, आणि त्या थरावर सिमेंट ओतलं, गाड्या उभ्या केल्या की झाडाच्या तोंडचं पाणीच पळालं. म्यूझियमच्या दारात सेंटिनेल नावाचा सिकोया आहे, बघून छाती दडपते, आणि कळतं की इथल्या हिशोबात तो मध्यम आकाराचा आहे.

मग बिग ट्रीज ट्रेल. मला विचाराल तर शर्मनपेक्षा हा जास्त आवडला. राउंड मेडो नावाच्या ओल्या कुरणाभोवती सपाट फरसबंद वाट आहे, मैलभरसुद्धा नाही, व्हीलचेअर जाते. आईचे गुडघे दुखतात तरी ती आरामात फिरली. आणि तिनेच विचारलं, की झाडं सगळी कडेनेच का, मध्ये एकपण कशी नाही? रेंजर आमच्याबरोबर होती (हे वॉक फुकट असतात, सोडू नका) ती इतकी खूश झाली या प्रश्नावर. सिकोयाला पाणी भरपूर लागतं, उन्हाळ्यात एक मोठं झाड दिवसाला दोन-तीन हजार लिटर ओढतं, पण मुळांना हवापण लागते, कुरणाच्या मधल्या चिखलात ती गुदमरतात, म्हणून जिथे ओल आहे पण पाणी साचत नाही त्या काठावर ही झाडं ठाण मांडून बसतात. आख्ख्या जगात निसर्गतः हे झाड फक्त कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगररांगेच्या पश्चिम उतारावर आहे, साधारण 5,000 ते 7,000 फुटांच्या पट्ट्यात, आणि तेही तुकड्या-तुकड्यांनी, ते का हे त्या कुरणाच्या काठी उभं राहिलं की दिसतं.

आता दुष्काळाचं. इथे उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ नसतोच, झाडं जगतात ती हिवाळ्यातल्या बर्फावर, तो हळूहळू वितळतो आणि जमीन ओली ठेवतो. 2012 ते 2016 कॅलिफोर्नियात जो दुष्काळ पडला त्यात 1 एप्रिल 2015 ला राज्यातला बर्फ नेहमीच्या 5 टक्के होता. 5 टक्के! त्याच्या आदल्या वर्षी, 2014 मध्ये, नेट स्टीफनसन नावाचे शास्त्रज्ञ, ज्यांनी उभी हयात या जंगलात काढली, त्यांना याच जायंट फॉरेस्टमध्ये मोठ्या सिकोयांची पानं तपकिरी होऊन गळताना दिसली. मग संशोधक दोर लावून झाडांच्या शेंड्यांपर्यंत चढले आणि वरच्या पानांत किती पाणी उरलंय ते मोजलं.

यातली एक गोष्ट मला फार भावली. झाड जी पानं टाकत होतं ती आतल्या बाजूची, जुनी. टोकाची नवी पानं हिरवीच. म्हणजे ते मरत नव्हतं, खर्च कमी करत होतं, जितकी पानं कमी तितकं पाणी कमी उडणार. पानांवरची बारीक छिद्रंपण मिटून घेतं, पण ती मिटली की पाणी वाचतं आणि अन्न बनणंही थांबतं, त्यामुळे असं किती दिवस चालवणार हा प्रश्न आहेच. रेंजरने दुर्बिणीतून एका झाडावर दाखवलं, आतून विरळ आणि बाहेरून हिरवी झालर, आणि मला पहिल्या ट्रिपचे ते झुपके आठवले.

तर बहुतेक मोठे सिकोया त्या दुष्काळातून वाचले. आजूबाजूची पाइन, फर वगैरे झाडं मात्र नाही वाचली, राज्यात मिळून सुमारे 12.9 कोटी झाडं मेली. आणि खरा घोळ इथून पुढे सुरू होतो, जो त्या पहिल्या गाईडला माहीत असायला हवा होता. सिकोयाची साल दीड-दोन फूट जाड, राळ फारशी नाही, साध्या आगीला ते दाद देत नाही, उलट त्याला आगीची गरजच असते, त्याची शंकूफळं वर्षानुवर्षं मिटून बसतात आणि खालच्या आगीची धग लागली की उघडतात, बी राखेतल्या मोकळ्या मातीत पडतं. पण शेजारी लाखो वाळलेली झाडं उभी, खाली शंभरेक वर्षं आगी विझवत राहिल्यामुळे साठलेला पालापाचोळा, वर उष्णता वाढलेली, मग आग जमिनीवर राहत नाही, शेंड्याला पोचते. 2020 च्या कॅसल फायर नावाच्या आगीत 7,500 ते 10,600 मोठे सिकोया गेले असा अंदाज आहे, 2021 च्या दोन आगींत आणखी दोन-साडेतीन हजार. दोन वर्षांत जगातल्या मोठ्या सिकोयांपैकी 13 ते 19 टक्के. हे आकडे ऐकताना आमचा ग्रुप एकदम गप्प झाला होता, आईने माझा हात धरला. वर साल पोखरणारे भुंगेरे आहेतच, पूर्वी निरोगी सिकोया त्यांना पुरून उरायचा, पण दुष्काळाने आणि आगीने अशक्त झालेली काही झाडं त्यांनी शेंड्याकडून खाली मारलेली सापडलीयत, हे आधी कधी बघितलेलं नव्हतं.

शर्मनचं खोड 2021 च्या सप्टेंबरमध्ये आगीपासून वाचवायला चकचकीत ॲल्युमिनियमच्या कापडात गुंडाळलं होतं ते फोटो तुम्ही बघितले असतील. पण जायंट फॉरेस्ट वाचायला फार मोठी मदत झाली ती पार्कने आधीची कित्येक वर्षं मुद्दाम लावलेल्या छोट्या-छोट्या आगींची, त्यामुळे तिथे जळायला फार काही शिल्लकच नव्हतं. तेव्हा ट्रेलवर काळी पडलेली खोडं दिसली तर हळहळू नका, त्यातली बरीचशी व्यवस्थित जिवंत आहेत. काँग्रेस ट्रेलवर (दोनेक मैलांची फेरी) अशी खूप आहेत, आणि तिथे शर्मनसारखी गर्दी नसते, फक्त पावलांचा आवाज.

एक छोटं रोप शोधा असं रेंजर सारखी सांगत होती, आणि शेवटी ग्रुपमधल्या मुलांना एक सापडलं, वीतभर, जाळलेल्या जागेत. त्याचं मूळ अजून एवढंसं, वरची माती वाळली की संपलं, मोठ्या झाडासारखी पानं टाकून तग धरायची सोय त्याला नाही. बहुतेक रोपं पहिल्या उन्हाळ्यातच जातात म्हणे. आम्ही सगळे त्याच्याभोवती उकिडवे बसून होतो कितीतरी वेळ.

आता कामाचं. आम्ही गेलो तेव्हा एंट्री एका गाडीला 35 डॉलर, सात दिवस चालते, म्हणून एक दिवस घाईत उरकू नका. उन्हाळ्यात पार्कच्या आतली शटल फुकट आहे, गाडी एकदा लावा आणि विसरा. शर्मनला जायची मुख्य वाट अर्धा मैल उताराची, पायऱ्या आहेत, जाताना काही नाही पण येताना 7,000 फुटांवर दम लागतो, ज्यांना झेपणार नाही त्यांनी खालच्या स्टॉपला शटलने उतरावं, आम्ही आईसाठी तेच केलं. पेट्रोल पार्कमध्ये मिळत नाही, खालूनच टाकी फुल करून या. मोबाईलला रेंज धरून चालू नका, मॅप आधी डाउनलोड करा. आणि दुर्बीण नक्की न्या, साधी चालेल, शेंड्याकडची पानं बघायला.